वेळापूरचा उतार

दिवाळी अंक उघडला की बहुतेक घरांत एका हातात अंक आणि दुसऱ्या हातात चकली असते. या लेखासाठी ती चकली खाली ठेवा, असे मी मुळीच सुचवणार नाही. मी स्वतः हे लिहितो आहे तेव्हा शेजारी चिवड्याची वाटी आहे. वाटी आहे, डबा नाही, एवढाच काय तो फरक. आणि तेवढा फरक पडायला मला सात वर्षे लागली. त्या सात वर्षांची हकीकत सांगायची, तर सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावाची हकीकत सांगावी लागते. त्या गावाचे नाव वेळापूर.

२०१८ साली मी ५१ वर्षांचा होतो. उंची पाच फूट सहा इंच आणि वजन १०३ किलो. कचेरीतल्या खुर्चीने माझ्याविरुद्ध कधी तक्रार केली नाही, पण जिन्याने केली. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या बिऱ्हाडात पोचेपर्यंत मी दोनदा थांबू लागलो. आमच्या सौ.नी मला डॉक्टरीणबाईंकडे नेले. रक्त तपासले. मधुमेह नव्हता, पण त्याच्या उंबरठ्यावर मी पाय देऊन उभा होतो.

आता वजन उतरवण्याचा मला अनुभव नव्हता असे कोणी समजू नये. उलट, सुरुवात करण्यात माझा हात कोणी धरला नसता. पाडव्याला मी व्यायामशाळेत नाव घातले. तीन महिन्यांचे पैसे भरले आणि सतरा दिवस गेलो. वाढदिवसाला रात्रीचे जेवण सोडले. एक जानेवारीला गरम पाणी, लिंबू आणि मध यांची उपासना सुरू केली. पुढे दिवसातून दोनच वेळा जेवण्याची लाट महाराष्ट्रभर आली, तेव्हा घड्याळ समोर ठेवून जेवलो. एकादश्या केल्या, पण आपल्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच पडलेली नाही. साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याचे लाडू यांनी मला उपासाच्या दिवशी कधी उपाशी ठेवले नाही. प्रत्येक प्रयोगात चार किलो उतरत आणि प्रयोग संपला की पाच चढत. मुहूर्त सगळे चांगले होते. मुहूर्तानंतरचे दिवस तेवढे वाईट निघत.

डॉक्टरीणबाईंनी माझी ही कैफियत ऐकून घेतली आणि विचारले, “किती वजन उतरवायचं ठरवलं आहे?”

“अडुसष्ट किलोपर्यंत यावं म्हणतो,” मी म्हणालो.

“तूर्त सात किलो उतरवा.”

मला तो अपमान वाटला. मग त्यांनी सांगितले की, अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांवर एक मोठा अभ्यास झाला आणि २००२ साली त्याचे निष्कर्ष आले. वजनात सात टक्के घट आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम, एवढेच उद्दिष्ट त्या लोकांपुढे ठेवले होते. तेवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी खाली आले. “तुमचे सात टक्के म्हणजे सात किलो. पण ते उतरवून परत चढवायचे नाहीत.”

शेवटचे वाक्य त्यांनी सहज म्हटले. माझी सगळी अडचण त्या एका वाक्यात होती.

अक्काचे गाव

२०१९च्या जुलै महिन्यात अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली मावसबहीण. लग्न होऊन वेळापुरात गेली, ती तिथलीच झाली. “माउलींची पालखी येतीय. दर साल म्हणतोस येतो, येतो. औंदा ये. दाजींना बरं वाटंल,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात आता पुण्याचे काही उरलेले नाही.

पुण्याहून पंढरपूरकडे जाणारा रस्ता फलटण, नातेपुते, माळशिरस ही गावे मागे टाकत वेळापुरास येतो. अकलूजहून सांगोल्याकडे जाणारा रस्ता त्याला इथे मिळतो, त्यामुळे चौकात सदा वर्दळ असते. पंढरपूर इथून तीस-पस्तीस किलोमीटर. माळशिरस तालुका एका डोळ्याने पाहिला तर बागायती आणि दुसऱ्याने पाहिला तर कोरडा. नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी जिथवर पोचले तिथवर ऊस. जिथे पोचले नाही तिथे ज्वारी, बाजरी आणि मोकळा माळ. अकलूज, माळीनगर, सदाशिवनगर अशी साखर कारखान्यांची नावे एस.टी.च्या पाट्यांवर वाचतच आपण वेळापुरात उतरतो.

अक्काच्या दारात दाजी खुर्चीवर बसले होते. मला पाहून म्हणाले, “या पाव्हणं! ती लोखंडी खुर्ची घ्या, लाकडीचा काय भरवसा न्हाई.”

मी हसलो, पण माझी नजर त्यांच्या उजव्या पायाकडे गेली. दोन बोटे नव्हती. अक्काने मला फोनवर “पायाला जरा लागलंय” एवढेच सांगितले होते.

“बघताय काय?” दाजी म्हणाले. “चाळीस वर्षं कारखान्याला ऊस घातला. थोडी साखर आमच्यातबी उरली.”

त्यांची साखर बरीच वर्षे वाढलेली होती आणि त्यांनी ती मनावर घेतली नव्हती. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते; चप्पल चावली, खडा रुतला, तरी कळत नाही. दाजींना चपलेतला खिळा कळला नाही. कळले तेव्हा जखम चिघळली होती, आणि बोटे काढून पाय वाचवावा लागला. ज्या माणसाने सव्वीस वर्षे वेळापूरच्या उतारावर पालखीबरोबर धाव घेतली, तो आता दारातून टाळांचा आवाज ऐकत होता.

संध्याकाळी मी अर्धनारी नटेश्वराच्या देवळात गेलो. वेळापूर पालखीचा मुक्काम म्हणून ठाऊक असते. पण हे देऊळ पाहण्यासाठी एरवीही इथे उतरावे. दगडी बांधणीचे जुने देऊळ, पुढे कुंड, आणि रामचंद्रदेव यादवाच्या काळचे शिलालेख. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आसपासच्या दिवसांतली ही मराठी दगडावर आपल्याला भेटते. आत शिव आणि पार्वती एकत्र. मी बराच वेळ बसलो. मनात जो विचार आला तो भक्तीचा नव्हता, हे कबूल करतो. मला वाटले, माझ्यातही दोघे आहेत: एक पहाटे गजर लावणारा आणि दुसरा रात्री फडताळ उघडणारा. देवांचे एका देहात जमले. आमचे पटत नव्हते.

उतारावरची आजीबाई

पालखीचा मार्ग वाचकांना ठाऊक असेलच. आळंदीहून पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि पंढरपूर. सगळी मिळून अडीचशेएक किलोमीटरांची वाट. या सोहळ्याला आजची शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लावली. रथापुढे किती दिंड्या, रथामागे किती, कोणाचा क्रमांक कोणता, सकाळी केव्हा निघायचे, विसावा कुठे, सगळे ठरलेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एस.टी.ने माळशिरसला गेलो आणि तिथून पालखीबरोबर वेळापूरकडे चालू लागलो. एकोणीस-वीस किलोमीटरांची मजल. निघताना दाजींनी मला बजावले होते, “उतारावर माझ्या वाटणीचं तुम्ही धावा.”

खुडूसला गोल रिंगण झाले. मैदानाभोवती माणसांचे कडे, मध्ये पताका, तुळशी आणि विणे; आणि त्या वर्तुळातून आधी स्वाराचा घोडा आणि मग पाठीवर कोणी न बसलेला माउलींचा अश्व भरधाव दौडत गेला. घोडे पुढे जाताच लोक टापांखालची माती कपाळाला लावायला वाकले. मीही वाकलो, पण उठताना शेजारच्या गृहस्थांचा खांदा धरावा लागला.

वेळापूर जवळ येते तेव्हा वाट एका टेकावर चढते. पंढरीला जाताना तुकाराम महाराजांना इथून विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते इथून धावत सुटले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्याची आठवण म्हणून इथे ‘धावा’ होतो. दिंडीमागून दिंडी टेकावर येते, अभंग होतो, आणि उतारावरून सगळे धावत सुटतात. सत्तर वर्षांच्या बाया डोक्यावरची तुळस सावरत धावतात, मृदंग गळ्यात अडकवलेली पोरे धावतात, कोणाची चप्पल सुटते, कोणाचे मुंडासे, आणि सगळे हसत असतात.

मी धावलो. दाजींच्या वाटणीचे धावलो. साठ-सत्तर पावले गेलो असेन. मग छाती भात्यासारखी चालू लागली, डोळ्यांपुढे काजवे आले आणि मी रस्त्याच्या कडेला मटकन बसलो. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी माणसे माझ्यासमोरून धावत जात होती. मला दाजींची बोटे आठवली. त्या क्षणी मला फार भीती वाटली.

एक आजीबाई माझ्यापाशी थांबली. परभणीकडची होती. तिने तांब्यातले पाणी दिले आणि शेजारी बसली.

“पहिलीच वारी का, माउली?”

“हो. आणि तीही एका दिवसाची. मला धावायला जमलं नाही.”

“आरं बाबा, धावायचं ते उतारापुरतं असतंय. आळंदीपून इथवर काय धावत आलो का आम्ही? चालत आलो. आन् आज धावलं म्हून उद्या पंढरी येत न्हाई. उद्याबी चालायचंच हाय.”

तिची ती एकतिसावी वारी होती. मी विचारले, “इतकी वर्षं तोच रस्ता. कंटाळा येत नाही?”

“येतो की!” ती म्हणाली. “पाऊस लागला, पाय सुजला, की लई कंटाळा येतो. पर आपल्याला कंटाळा आला म्हून दिंडी थांबत न्हाई. ती येळेला निघती. मग मीबी निघते.”

तिने पदर खोचला आणि ती चालू लागली. पुढच्या वर्षांत मी तिला पुष्कळ शोधले. लाखोंच्या मेळ्यात ती मला पुन्हा कुठून भेटणार?

त्या रात्री तळावर समाज आरती पाहिली. हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार दंड उंचावतात आणि त्या अफाट गर्दीत शांतता होते. मग हरवलेल्या, सापडलेल्या वस्तू पुकारतात, उद्या केव्हा निघायचे ते सांगतात. एवढ्या लोकांना उद्या उत्साह वाटेल की नाही, याची चौकशी कोणी करीत नाही. निघण्याची वेळ तेवढी सांगतात.

मी इतकी वर्षे नेमके उलट करीत होतो. आधी उत्साहाची वाट पाहायची, तो आला की धावत सुटायचे, आणि धाप लागली की आपल्यात दम नाही असे ठरवून घरी परतायचे. माझी सगळी सुरुवात उतारावरची होती. सपाट रस्त्याची तयारी मी केलीच नव्हती.

लोणंदहून उलटे सासवड

पुण्यास परतल्यावर मी एक वही घातली. आळंदी म्हणजे १०३ किलो असे धरले आणि दर दोन किलोंना एक मुक्काम मांडला. पुणे १०१, सासवड ९९, जेजुरी ९७... असे करीत वेळापूर ८१ वर आले आणि पंढरपूर ७५ वर. अडुसष्टचा हट्ट डॉक्टरीणबाईंनी सोडायला लावला होताच. वहीत पुढचा मुक्काम तेवढा लिहायचा. पंढरपूर शेवटच्या पानावर. वजन शनिवारी सकाळी, एकदाच. रोज काट्यावर उभे राहणाऱ्याचा दिवस काट्यावर अवलंबून राहतो, हे मी पूर्वी भोगले होते.

मग दिंडी जमवली. आमच्या गृहसंस्थेतले एक निवृत्त पोस्टमास्तर, वरच्या मजल्यावरच्या एक वहिनी, त्यांचे थोरले दीर आणि मी. नियम एकच: सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फाटकापासून निघायचे. कोणी कोणाची घंटी वाजवायची नाही, फोन करायचा नाही, कोणासाठी थांबायचे नाही. पहिल्या महिन्यात मी चारदा मागे राहिलो. खिडकीतून तिघांच्या पाठी दिसल्या, की अंथरुणात पुन्हा झोप येत नसे. पाचव्यांदा मागे राहिलो नाही.

जेवणात मोठी क्रांती केली नाही. दिवसाला सहा कप चहा, कपात दोन चमचे साखर; म्हणजे रोजचे बारा चमचे, साठेक ग्रॅम, सुमारे २४० कॅलरी. ते चमचे दोन महिन्यांत शून्यावर आणले. दाजींना फोनवर सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मग आमच्या उसाचं काय करू?” रात्रीचे जेवण आठच्या आत, पोळीऐवजी पुष्कळदा अक्काने पाठवलेल्या ज्वारीची भाकरी, ताटात भाजी जास्त. फराळाचा, फरसाणाचा डबा टेबलावर यायचा नाही, वाटी यायची. मार्च २०२० मध्ये मी ९३ किलोंवर, म्हणजे लोणंदला पोचलो.

पुढचे सर्वांना आठवत असेल. टाळेबंदी झाली. फाटकाला कुलूप लागले आणि आमची दिंडी मोडली. घरोघर नवनवे पदार्थ होऊ लागले. आमच्या घरी मी स्वतः केक करायला शिकलो. त्या वर्षी आणि २०२१ साली पायी वारी झाली नाही. माउलींच्या पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरपूरला गेल्या. अक्काने फोन केला, “टाळ न्हाई, मृदंग न्हाई. गाव मुकं झालंय बघ.” २०२१च्या अखेरीस मी काट्यावर उभा राहिलो. ९९. लोणंदहून मी उलटा सासवडला आलो होतो.

या ठिकाणी माझ्या पूर्वीच्या सगळ्या प्रयोगांनी प्राण सोडला असता. वही फेकून द्यावी असे वाटले. डॉक्टरीणबाईंकडे गेलो तो तोंड पाडून. त्यांनी मला रागावण्याऐवजी एक गोष्ट सांगितली. मेलबर्नच्या संशोधकांनी ५० स्थूल माणसांना दहा आठवडे अगदी कमी आहारावर ठेवले. वजन चांगले उतरले. पण वर्षभरानंतरही त्यांच्या रक्तातली भूक वाढवणारी द्रव्ये चढलेली आणि तृप्ती देणारी उतरलेलीच होती. हा अभ्यास २०११ सालचा. शरीर गेलेले वजन विसरत नाही. ते परत मिळवायला भूक वाढवते आणि खर्च आवरते. “तेव्हा परत चढलं यात तुमच्या शीलाचा प्रश्न नाही,” त्या म्हणाल्या. “पण शरीर जर चिकाटी सोडत नसेल, तर तुम्हालाही सोडता येणार नाही.”

मी वहीत तारीख टाकून लिहिले: सासवड. पुढचा मुक्काम जेजुरी. फाटकापाशी पोस्टमास्तर आधीच उभे होते.

काटा आणि अन्नदान

२०२२ साली वारी पुन्हा निघाली. मी रजा काढली आणि फलटणपासून चार दिवस चालत वेळापूरला आलो. बरड, नातेपुते, माळशिरस. पाठीवर पिशवी, पायांत मोजे, रात्री तंबूत. रोजची वीस किलोमीटरांच्या आसपासची चाल. मनात हिशेब चालला होता की एवढ्या श्रमाने दोन मुक्काम तरी ओलांडू.

अक्काच्या घरी काटा होता. त्यावर उभा राहिलो. निघताना होते त्यापेक्षा चारशे ग्रॅम जास्त!

दाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. “पाव्हणं, वाटंत काय काय खाल्लं, ते सांगा आधी!”

मी आठवू लागलो. या वाटेवर उपाशी राहणे हेच कठीण असते. गावोगावचे लोक रस्त्यावर हात जोडून उभे असतात. पिठले-भाकरी, शेंगाची चटणी, आमटी-भात, शिरा, बुंदी, केळी, राजगिऱ्याचे लाडू, आणि दर फर्लांगाला चहा, तोही गोड. नाही म्हणावे तर समोरची बाई म्हणते, “माउली, माझ्या हातचं घ्या.” मी घेत गेलो.

शाळेतले गणित घालून पाहा. माझ्यासारखा जड माणूस वीस किलोमीटर चालला तर साधारण दीड हजार कॅलरी खर्च होतात. एक किलो चरबीत सुमारे सात हजार सातशे कॅलरी असतात. म्हणजे माळशिरस ते वेळापूर पाच वेळा चालावे तेव्हा कुठे एक किलो, आणि तेही वाटेत जास्तीचे काही न खाता. दिवाळीतला बेसनाचा एक मध्यम लाडू दोनशेच्या घरात जातो. तो फिटायला अडीच किलोमीटर. शिवाय श्रमाने स्नायू पाणी धरून ठेवतात, ते काट्यावर दिसते ते वेगळेच. चालून वजन उतरत नाही असे नाही. पण ताटाने ठरवले तर चालणाऱ्याला ते सहज हरवते.

मग चालायचे कशाला? त्याचे उत्तर मला चेन्नईच्या एका अभ्यासात मिळाले. डॉ. ए. रामचंद्रन् यांनी आपल्याच देशातल्या, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ माणसांवर तो केला. २००६ साली प्रसिद्ध झाला. चालणे आणि आहार यांचा नेम ठेवणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण २८ टक्क्यांहून जास्त घटले. आणि त्यांचे वजन? ते म्हणावे असे उतरलेच नव्हते! काटा गप्प राहिला तरी शरीर आत काम करीत होते. माझीही साखर त्या वर्षी पूर्वीपेक्षा खाली आली होती आणि दुसरा मजला मी न थांबता चढत होतो. मी मात्र चारशे ग्रॅमांसाठी तोंड पाडून बसलो होतो.

अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही ठेवली आहे. साडेतेरा किलोंहून जास्त वजन उतरवून ते किमान वर्षभर टिकवलेल्या माणसांची नावे तिच्यात घेतात. ही माणसे काय करतात ते पाहिले, तर गुपित असे काही सापडत नाही. बहुतेकजण रोज तासाभराचा व्यायाम करतात, पुष्कळसे नुसते चालतात. आठवड्यातून एकदा तरी वजन पाहतात. सणावारी आणि एरवी त्यांच्या खाण्यात फार अंतर पडत नाही. वाचून मला वाटले, ही तर सगळी नेमाने वारी करणारी माणसे!

मुक्काम

२०२३च्या जुलैत मी ८९ वर, म्हणजे फलटणला होतो. २०२४च्या जुलैत ८३, माळशिरस. मागच्या दिवाळीला ८१ झाले. वहीत मी ‘वेळापूर’ लिहिले, आणि तेव्हापासून वर्ष झाले, मी वेळापुरातच आहे. काटा ८१ आणि ८२ यांच्यामध्ये येरझारा घालतो. डॉक्टरीणबाईंना यात काही वाईट दिसत नाही. बावीस किलो उतरले आणि वर्षभर चढले नाहीत, याला त्या मोठी गोष्ट मानतात.

या वर्षी, २०२५च्या जुलैच्या सुरुवातीस, मी पुन्हा माळशिरसहून चाललो. रस्ता आता ओळखू येत नाही. पालखी महामार्ग रुंद झाला आहे आणि जुनी झाडे बरीच गेली आहेत. टेक मात्र आहे. दिंडी थांबली, अभंग झाला, आणि आम्ही सुटलो. उतार संपेपर्यंत मी धावलो. मग इतरांसारखाच चालू लागलो.

चौकात गर्दीच्या कडेला एक ओळखीचे मुंडासे दिसले. दाजी. काठी टेकून उभे होते. पायांत मऊ तळव्याची, खास करून घेतलेली पादत्राणे. अक्का मागे खुर्ची घेऊन उभी होती, पण ते बसले नव्हते.

“दाजी, तुम्ही इथवर?”

“चालत आलो,” ते म्हणाले. “तुम्ही त्या पोस्टमास्तरांचं सांगितलंसा. मीबी गल्लीतली दोन म्हातारी धरली. रोज सांजचं एक बत्तीपातूर, मग दोन बत्त्यापातूर. पाय रोज रात्री आरशात बघतो, न्हाई तर ही बघती. औंदा चौक गाठला.”

घरापासून चौक अर्धा किलोमीटरसुद्धा नसेल. सहा वर्षांत ते पहिल्यांदाच पालखीसमोर उभे होते. रथ आला तेव्हा त्यांनी काठी अक्काकडे दिली आणि दोन्ही हात जोडले.

रात्री ताटे वाढता वाढता अक्काने विचारले, “पोळी एक का दोन?”

“एक. आणि तूप तू वाढशील तेवढं.”

“धूर्त झालाय,” ती म्हणाली.

दाजी माझी वही चाळत होते. शेवटचे पान काढून म्हणाले, “वेळापूर गाठलंसा. आता पंढरपूर कवा?”

“जमेल तेव्हा, दाजी. नाही जमलं तर दर वर्षी वेळापूरला येत राहीन.”

“या की,” ते म्हणाले. “खुर्ची आता कुठलीबी चालंल तुम्हाला.”

पहाटे तुतारी झाली आणि दिंड्या भंडीशेगावच्या वाटेला लागल्या. मी पिशवी घेऊन एस.टी.च्या थांब्यावर गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या फाटकाशी आलो, तर तिघे उभे होते. पावसाची भुरभुर चालली होती. पाय दुखत होते आणि मला मनापासून कंटाळा आला होता. निघालो.